पोथीचे शेवटचे पान

सुरतेहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते, आणि हिऱ्यांच्या व्यवसायासाठी तिथे उभारलेल्या जेम अँड ज्वेलरी पार्कमुळे या गावाचे नाव आज हिरेबाजारात ओळखीचे झाले आहे. त्याच्या पश्चिमेला, तापीच्या मुखाजवळ, सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात युरोपीय कंपन्यांची मोठी जहाजे नदीत शिरू शकत नसत म्हणून तिथेच नांगर टाकत आणि माल तिथून सुरतेच्या वखारींपर्यंत येई. मराठी वाचकाला ही श्रीमंत सुरत परिचित आहे ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे, त्यामुळे तिच्या संपत्तीचा विचार तो बहुधा मोहरा, जवाहीर आणि वखारी यांच्या हिशोबात करतो. परंतु भरूच, खंभात, पाटण, अहमदाबाद आणि पुढे सुरत या व्यापारी नगरांतल्या धनाचा एक ओघ कित्येक शतके पोथ्यांकडे वाहत होता. जैन श्रावकांनी, म्हणजे दीक्षा न घेता संसारात राहून धर्म पाळणाऱ्या गृहस्थांनी, धर्मग्रंथांच्या प्रती लिहवून घेतल्या, त्यांत चित्रे काढून घेतली आणि ऐपत असेल तेव्हा अक्षरेही सोन्याच्या शाईने लिहवली.

सोन्याने आणि रंगांनी उजळलेला धर्मग्रंथ जगात अनेक ठिकाणी निर्माण झाला, आणि गुजरातच्या पोथ्यांशेजारी ठेवून पाहावी अशी एक परंपरा काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधल्या जॉर्जिया देशात होती. या देशाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, स्वतःची लिपी घडवली आणि मठांमधून शुभवर्तमानांच्या, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवर असलेल्या ख्रिस्तचरित्राच्या चार पुस्तकांच्या, प्रती तयार केल्या. ८९७ मध्ये शात्बेर्दीच्या मठात लिहिलेली प्रत नंतर स्वानेती या दुर्गम डोंगराळ मुलखातल्या आदिशी गावात जपली गेली आणि त्या गावाच्याच नावाने ती ओळखली जाते. ११८४ ते १२१३ या काळात राज्य करणाऱ्या तामार राणीसाठी तयार झालेली वानीची प्रत कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सजवली गेली. मोक्वीची प्रत १३०० मध्ये तिथल्या दानिएल नावाच्या आर्चबिशपने करवून घेतली आणि एफ्रेम नावाच्या लेखकाने ती लिहिली. या ग्रंथांच्या आरंभी कमानींखाली आकड्यांचे रकाने आढळतात. चार शुभवर्तमानांत एकच प्रसंग कुठे कुठे आला आहे हे शोधता यावे म्हणून कैसरियाच्या युसेबियसने चौथ्या शतकात ही कोष्टके रचली होती, आणि चित्रकारांनी त्या रुक्ष आकड्यांना खांब, कमानी, पक्षी आणि फुलझाडे यांची चौकट दिली. त्यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या आधी त्या त्या शुभवर्तमानकाराचे लिहीत बसलेले चित्र येते. काही ग्रंथांना चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या आकृतींची, सोन्याचा मुलामा दिलेली वेष्टने आहेत, आणि बाराव्या शतकातल्या बेका ओपिझारी या कारागिराचे नाव अशा वेष्टनामुळेच आजही घेतले जाते.

या दोन परंपरा एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाढल्या, त्यांचे धर्म, लिपी आणि पुस्तकाचे आकारही वेगळे, तरीही ज्या एका बाबतीत त्यांचे अंतःकरण सारखे आहे ती बाब चित्रांत शोधून सापडत नाही. तिच्यासाठी पोथीच्या शेवटच्या पानाकडे जावे लागते. ग्रंथाचा मजकूर संपल्यावर लेखक ज्या काही ओळी लिहितो, ज्यांत तिथी, गाव, राजाचे नाव, दात्याचे कुळ, गुरुपरंपरा आणि स्वतःचे नाव येते, त्यांना संस्कृत आणि मराठीत पुष्पिका म्हणतात. दात्याच्या कुटुंबाचे सविस्तर वर्णन असेल तर तिला प्रशस्ती असेही म्हणतात. जॉर्जियन लेखक अशा मजकुराला आंदेर्झी म्हणतात, ज्याचा अर्थ मृत्युपत्र किंवा अखेरची इच्छा असा आहे, आणि त्यात पुढच्या वाचकाने लेखकासाठी व दात्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती असते. सोनेरी अक्षरांची पोथी कोणी, कोणासाठी आणि कोणत्या इच्छेने केली हे सांगणारे पान तेवढेच असते, आणि म्हणूनच ज्या प्रतीचे ते पान हरवले तिचे जितके नुकसान झाले तितके एखादे चित्र उडून गेल्याने झालेले नाही, असे या निबंधाचे म्हणणे आहे.

जैन समाजाने ग्रंथलेखनाला इतके महत्त्व का दिले, याची मुळे त्याच्या इतिहासात आहेत. महावीरांचा उपदेश शतकानुशतके मुखोद्गत राहिला. दुष्काळांत साधू दगावले, पाठ विसरले जाऊ लागले, आणि अखेर पाचव्या शतकात सौराष्ट्रातल्या वलभी इथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या पुढाकाराने जमलेल्या साधूंनी आगम, म्हणजे श्वेतांबर परंपरेचे मूळ धर्मग्रंथ, लिहून काढले. ज्ञान नष्ट होऊ शकते ही धास्ती तेव्हापासून या समाजाच्या मनात घर करून राहिली असावी. पुढे गृहस्थाने धन कुठे वेचावे याची सात क्षेत्रे सांगितली गेली: जिनांची मूर्ती, जिनांचे मंदिर, जिनांचे आगम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. तिसऱ्या क्षेत्रामुळे पोथी लिहवणे हे मूर्ती घडवण्याच्या आणि मंदिर बांधण्याच्या पंक्तीत बसले. बाराव्या शतकातल्या कुमारपाल राजाने हेमचंद्राचार्यांच्या प्रेरणेने एकवीस ग्रंथभांडारे स्थापल्याचे प्रबंधांत, म्हणजे त्या काळातल्या चरित्रकथांत, सांगितले आहे. राजाने केले ते व्यापाऱ्यांनीही आपापल्या कुवतीप्रमाणे केले, आणि कुणा दिवंगत आईबापाच्या किंवा मुलाच्या श्रेयार्थ, म्हणजे त्याला पुण्य लाभावे म्हणून, पोथी लिहवून साधूच्या हाती देणे ही रीतच पडून गेली.

तारखेसह मिळणाऱ्या सर्वांत जुन्या सचित्र जैन पोथ्यांपैकी एक सुरतेच्या उत्तरेला फार दूर नसलेल्या भरूचमधली आहे. निशीथचूर्णी नावाच्या ग्रंथाची, म्हणजे साधूंच्या आचारनियमांवरील एका प्राकृत भाष्याची, ताडपत्रावरची प्रत सिद्धराज जयसिंह राजाच्या काळात ११०० मध्ये तिथे तयार झाली आणि ती पाटणच्या भांडारात राहिली. तिच्यातली सजावट मुख्यतः गोलाकार चक्रांची आहे. ताडपत्रे समुद्रमार्गे दक्षिणेकडून येत. त्यांतल्या श्रीताड या जातीची पाने रुंद, लवचीक आणि टिकाऊ असत, तरी त्यांची उंची चार-पाच बोटांपलीकडे जात नसे, त्यामुळे चित्रालाही तेवढ्याच जागेत मावावे लागे. पानाच्या मध्यभागी भोक पाडून त्यातून दोरी ओवत आणि वर-खाली लाकडी पाट्या ठेवून पोथी बांधत.

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून कागदावरच्या सचित्र पोथ्या मिळू लागतात, आणि या बदलात मानवी सवयीचा एक फार हृद्य पुरावा शिल्लक राहिला आहे. कागदाला ताडपत्राचा अरुंद आकार घेण्याचे काहीच कारण नव्हते; तरीही पोथी आडवीच राहिली, फक्त तिची उंची वाढून साधारण अकरा सेंटिमीटर आणि लांबी पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर झाली. दोरी ओवायची गरज संपली, भोकही पाडले जात नव्हते, पण जिथे भोक असायचे ती मजकुरातली रिकामी जागा लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडली आणि तिथे लाल, निळे किंवा सोनेरी वर्तुळ काढले. जो ग्रंथ आजोबांच्या काळी जसा दिसत होता तसाच नातवालाही दिसावा, नाहीतर त्याला ग्रंथ म्हणता येणार नाही, ही भावना त्या वर्तुळात आहे.

असे एक पान समोर धरून नीट पाहिले म्हणजे कामाचा क्रम उलगडू लागतो. आधी दोरे ताणून बसवलेल्या पाटीवर कागद ठेवून बोटाने दाबत आणि त्यावर ओळींचे उठाव उमटवत, म्हणून रेघ शाईने न आखता अक्षरे सरळ बसत. मग लेखक, ज्याला गुजरातीत लहिया म्हणतात, बोरूने मजकूर लिहून चित्राची चौकोनी जागा मोकळी सोडी आणि कधी कधी कडेला बारीक अक्षरांत तिथे कोणता प्रसंग हवा हे चित्रकारासाठी नोंदून ठेवी. या पोथ्यांची नागरी लिपी आजच्या मराठी वाचकाला थोड्या सरावाने वाचता येते. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभ्या दांड्याने दाखवण्याची पद्धत, जिला पडिमात्रा म्हणतात, तेवढी लक्षात ठेवावी लागते. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप दिलेला दिसतो. काजळ आणि डिंक यांची काळी शाई नेहमीची होती. सोन्याची शाई करताना सोन्याचा वर्ख डिंकाच्या पाण्यात खूप वेळ खलून, पाण्याने धुऊन मळ काढून, उरलेली बारीक पूड पुन्हा डिंकात कालवत, आणि लिहून झाल्यावर अक्षरांवर अकीकाचा गुळगुळीत दगड फिरवून ती घोटत. अकीकाच्या खाणी भरूच आणि राजपिपळ्याच्या टापूत होत्या आणि त्याचे कारागीर खंभातला, म्हणजे अक्षराला झळाळी देणारा दगडही याच किनाऱ्यावरचा होता. निळा रंग मात्र लांबून येई. बदख्शानच्या डोंगरांतल्या लाजवर्दी दगडापासून केलेला तो गडद निळा पंधराव्या शतकात मुबलक मिळू लागला, आणि चित्रांची आधीची लाल पार्श्वभूमी हळूहळू निळी होत गेली.

सचित्र पोथ्यांत सर्वाधिक वेळा आढळतो तो कल्पसूत्र हा ग्रंथ. भद्रबाहू यांच्या नावावर असलेल्या या ग्रंथाचे तीन भाग आहेत: तीर्थंकरांची चरित्रे, आचार्यांची परंपरा आणि चातुर्मासात साधूंनी पाळायचे नियम. चित्रकारांनी अर्थात पहिल्या भागावर जीव ओतला. महावीरांची आई त्रिशला राणी पलंगावर निजलेली आहे आणि वरच्या बाजूला हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, पूर्णकुंभ अशी चौदा स्वप्ने मांडलेली आहेत. हरिणासारख्या मुखाचा हरिणैगमेषी हा देव इंद्राच्या आज्ञेने महावीरांचा गर्भ दोन्ही हातांत अलगद धरून नेतो आहे. अशोकवृक्षाखाली बसलेले महावीर पाच मुठींत स्वतःचे केस उपटत आहेत आणि इंद्र ते ओंजळीत घेतो आहे. चेहरे बाजूने दाखवलेले असले तरी पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर येऊन अवकाशात ठेवलेला असतो. पाहणाऱ्याला हा डोळा सुरुवातीला विचित्र वाटतो, परंतु चार-सहा पाने पाहून झाली की त्या डोळ्यामुळेच आकृत्या जाग्या वाटू लागतात. कल्पसूत्राबरोबर बऱ्याचदा कालकाचार्यकथा जोडलेली असते. तिच्यात आपल्या बहिणीला पळवून नेणाऱ्या गर्दभिल्ल राजाविरुद्ध कालकाचार्य शाही, म्हणजे शक राजांची मदत घेतात, आणि हे परके राजे चित्रकाराने वेगळ्या वेषात, वेगळ्या चेहऱ्याने आणि बहुधा तो बाहेर आलेला डोळा न देता काढलेले असतात. परदेशी माणूस रोज बंदरात पाहणाऱ्या समाजाचे ते निरीक्षण आहे. अहमदाबादेतल्या देवसाना पाडा इथल्या भांडारात मिळालेल्या, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कल्पसूत्राच्या समासांत तर नर्तक, वादक, घोडेस्वार, इराणी धाटणीचे पुरुष आणि निळ्या लाटा यांनी इतकी दाटी केली आहे की धर्मग्रंथाचा मजकूर त्या गजबजलेल्या जगाच्या मधोमध बसलेला दिसतो.

एवढी मेहनत आणि एवढा खर्च डोळ्यांना सुख व्हावे म्हणून झाला नव्हता. या ग्रंथांना एक काम होते आणि ते आजही चालू आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणाच्या दिवसांत साधू कल्पसूत्राचे वाचन करतात. वाचनाच्या आधी ग्रंथ एखाद्या कुटुंबाच्या घरी नेतात, तिथे रात्रभर भक्तिगीते होतात आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने तो उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या निवासस्थानी, आणतात. महावीरांच्या जन्माचा भाग वाचला जातो तेव्हा उत्साहाला भरती येते, आणि संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या, दिवशी मूळ प्राकृत ग्रंथ, ज्याला बारसासूत्र म्हणतात, अखंड वाचला जात असताना त्यातली चित्रे श्रोत्यांना दाखवतात. प्राकृत भाषा समजणारे तिथे मोजकेच असतात. बाकीच्यांना शब्दांचा नाद ऐकू येतो आणि अर्थ चित्रांतून कळतो. सुरतेत गोपीपुऱ्यासारख्या, देरासरांनी म्हणजे जैन मंदिरांनी भरलेल्या जुन्या वस्तीत ही परंपरा जिवंत आहे. जॉर्जियन चर्चमध्येही शुभवर्तमानाचा ग्रंथ वेदीवर ठेवलेला असतो, उपासनेत तो उचलून मिरवणुकीने बाहेर आणतात, वाचतात आणि भाविक त्याचे चुंबन घेतात. चांदीचे वेष्टन त्या क्षणासाठी असते, कारण दूर उभ्या असलेल्या माणसाला पान दिसत नाही, वेष्टन दिसते. दोन्हीकडे ग्रंथ आधी उचलला जातो, मग पाहिला जातो, मग ऐकला जातो.

पुष्पिकेचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. १४६५ मध्ये जौनपूर इथे, हुसेन शाह शर्की याच्या राजवटीत, सोन्याच्या अक्षरांत लिहिलेले एक कल्पसूत्र आज वडोदऱ्याच्या नरसिंहजीनी पोळ इथल्या भांडारात आहे. त्याच्या पुष्पिकेतून कळते की ते हर्षिणी नावाच्या श्राविकेने लिहवून घेतले आणि वेणीदास नावाच्या गौड कायस्थाने लिहिले. म्हणजे जैन ग्रंथाची दात्री एक स्त्री, लेखक कायस्थ, राज्य सुलतानाचे आणि ग्रंथ पुढे पोहोचला गुजरातेत. पंधराव्या शतकातल्या उत्तर भारताच्या सामाजिक जीवनाबद्दल एवढे भरीव विधान दरबारी बखरीत क्वचित सापडेल. तेच त्या पोथीचे एखादे सुटे सोनेरी पान घेतले, तर त्यावरून ते सुंदर आहे यापलीकडे फारसे काही सांगता येणार नाही.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत महाभारतातल्या आरण्यक पर्वाची एक सचित्र प्रत आहे. ती जैन नाही. परंतु भारतीय चित्रकलेच्या अभ्यासात पुष्पिका काय करू शकते याचे तिच्याइतके ठळक उदाहरण मिळणे कठीण. सिकंदर लोदीच्या काळात, १५१६ मध्ये, कछौवा या गावी ती तयार झाली असे तिच्या शेवटी नोंदलेले आहे. चौरपंचाशिका या काव्याच्या प्रसिद्ध चित्रमालिकेसह त्याच घराण्याची कितीतरी चित्रे तारखेविना जगभर पडून होती, ती नेमक्या कोणत्या काळातली यावर अभ्यासकांत वाद होता, आणि या एका पोथीची तारीख हाती आल्यामुळे त्या सगळ्यांना काळाच्या रेषेवर उभे राहायला जागा मिळाली. शेवटच्या पानावरच्या त्या ओळी नसत्या तर आरण्यक पर्वाची चित्रेही त्या तारखेविना पडलेल्या घोळक्यात सामील झाली असती.

पोथीची रचनाच तिच्या विखुरण्याला कारण झाली, ही यातली दुःखद गोष्ट आहे. जॉर्जियन शुभवर्तमान शिवलेला ग्रंथ आहे. त्यातले पान काढायचे तर ते कापावे लागते आणि कापल्याची खूण राहते. जैन पोथीची पाने मात्र सुटी असतात, कारण वाचताना साधूला एकेक पान हाती घेता यावे, ते दाखवता यावे आणि एकाच वेळी अनेकांनी वेगवेगळी पाने नकलून घ्यावीत अशी तिची योजना आहे. वाचनासाठी केलेली ही सोय विसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडली. संपूर्ण पोथी विकण्यापेक्षा चित्र असलेली पाने सुटी विकण्यात जास्त पैसे होते, म्हणून चित्रांची पाने युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत गेली आणि नुसत्या मजकुराची पाने, ज्यांत पुष्पिकेचे पानही असते, बेवारस झाली. देवसाना पाड्याच्या कल्पसूत्राचीही पाने वेगवेगळ्या देशांत गेली आहेत. संग्रहालयातल्या काचेआड असे पान चौकटीत लावलेले असते, खाली पश्चिम भारत, पंधरावे शतक एवढे लिहिलेले असते, आणि ज्याने आपल्या आईच्या श्रेयार्थ ते लिहवले त्याचे नाव दुसऱ्या खंडात राहिलेले असते किंवा कायमचे गेलेले असते. सुटे पान विकत घेणे आणि मूर्तीचा हात तोडून विकत घेणे यांत तत्त्वतः फरक करता येत नाही, आणि तो फरक कलाबाजाराने वर्षानुवर्षे मानला याबद्दल खेद वाटल्यावाचून राहत नाही.

जॉर्जियाला अशा संकटाची जाणीव विसाव्या शतकाच्या आरंभी फार तीव्रपणे झाली. १९२१ मध्ये लाल सेनेने देश ताब्यात घेतला तेव्हा तिथल्या संग्रहालयांचा आणि मठांचा खजिना पेट्यांत भरून फ्रान्सला नेण्यात आला आणि एकवतिमे ताकाइश्विली या इतिहासकाराकडे त्याची राखण आली. मौल्यवान हस्तलिखितांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या या माणसाने परदेशात हलाखीत दिवस काढले, पण खजिन्यातली एक वस्तूही विकली नाही, आणि १९४५ मध्ये तो सगळा ऐवज घेऊन तो मायदेशी परतला. जॉर्जियन चर्चने पुढे त्याला संतपद दिले. इतिहासकाराला वस्तू न विकल्याबद्दल संत मानणारा समाज ग्रंथाकडे कशा नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको.

या दूरच्या देशाचा कोकण किनाऱ्याशीही एक खरा संबंध आहे. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ इथे, इराणच्या पहिल्या शाह अब्बासच्या हुकुमावरून, धर्म सोडायला नकार दिल्यामुळे छळ करून मारण्यात आले, आणि ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवला. मठ ओसाड पडला, चर्च ढासळले, तरी जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या अस्थी एका खिडकीजवळच्या दगडी पेटीत ठेवल्याची नोंद होती. त्या नोंदीच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खननात हाड शोधले, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासून त्याला दुजोरा दिला, आणि जुलै २०२१ मध्ये ते जॉर्जियाच्या स्वाधीन करण्यात आले. चारशे वर्षांपूर्वी कुणा पाद्र्याने जागा नीट लिहून ठेवली म्हणून राणी आपल्या घरी जाऊ शकली.

सुरतेत ग्रंथरक्षणाचा विचार विसाव्या शतकात निराळ्या वाटेने गेला. सागरानंदसूरी या आचार्यांनी आगमोदय समितीमार्फत आगमग्रंथ छापून घेतले; सुरतेतल्याच देवचंद लालभाई जैन पुस्तकोद्धार फंडाने कितीतरी संस्कृत-प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध केले; आणि छापील कागदही नश्वर आहे म्हणून याच आचार्यांच्या प्रेरणेने गोपीपुऱ्यात आगममंदिर उभे राहिले, जिथे आगम तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले आहेत. वलभीच्या सभेपासून चालत आलेली धास्ती इथे तांब्यात उतरली. मजकूर वाचवायचा असेल तर ताम्रपट हा उपाय निःसंशय भक्कम आहे. परंतु पोथी ज्यामुळे पोथी असते त्यातला बराचसा भाग मजकुराच्या बाहेर असतो. कोऱ्या सोडलेल्या जागेतले लाल वर्तुळ, पडिमात्रा, हरताळाचा पिवळा डाग, कडेला लिहिलेली चित्रकाराची सूचना, आणि हर्षिणीसारख्या एखाद्या बाईचे नाव तांब्याच्या पत्र्यावर चढत नाही.

ते टिपून ठेवण्याचे काम मराठी मुलखात झाले, आणि त्यात सुरतेच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. मुंबई सरकारने १८६६ पासून हस्तलिखिते गोळा करायला सुरुवात केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काथवटे, पाठक, घाटे अशा विद्वानांनी गावोगाव हिंडून सतरा हजारांहून अधिक पोथ्या जमवल्या, ज्यांत गुजरातेतून आलेल्या जैन पोथ्यांचा भरणा होता. हा संग्रह डेक्कन कॉलेजात राहिला आणि १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आला. त्यातल्या जैन पोथ्यांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम सुरतेत जन्मलेल्या हिरालाल रसिकदास कापडिया यांनी केले. कापडिया मुळात गणिताचे प्राध्यापक. संख्यांची शिस्त त्यांनी पोथ्यांच्या वर्णनात आणली, आणि १९३५ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या सूचीच्या भागांत एकेका प्रतीची लांबी-रुंदी, पानांची संख्या, ओळींची संख्या, लिपीची वैशिष्ट्ये, सोने किंवा रंग वापरला असेल तर त्याची नोंद, ग्रंथाचा आरंभ आणि ग्रंथाचा शेवट अशी माहिती येते. सूची हा वाङ्मयप्रकार रुक्ष समजला जातो. तिच्यावर समीक्षा लिहिली जात नाही आणि तिच्या कर्त्याच्या जन्मशताब्द्या साजऱ्या होत नाहीत. पण कापडियांच्या सूचीतला कोणताही भाग उघडून फक्त पोथ्यांचे शेवट वाचत गेले की पाटण, खंभात, सुरत अशा गावांची, साधूंच्या गच्छांची, म्हणजे त्यांच्या शाखांची, आणि ज्यांच्या श्रेयार्थ ग्रंथ लिहिले गेले त्या मुलाबाळांची आणि आईबापांची नावे ओळीने भेटत जातात, आणि ज्याला त्यातले एखादे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तो अभ्यासक त्या पोथीचा क्रमांक लिहून देऊन ती आजही पुण्यात मागवू शकतो.